अः ला चित्र नाही

सोहारला, बंदराकडच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर
दुपारी चारला पडदा ओढला की शाळा भरते.
पट दोनाचा: माझी मृण्मयी, सव्वाचार वर्षांची,
आणि समोरच्या परकारांचा इद्रीस, तिच्याहून दोन महिन्यांनी मोठा.
हे तो रोज सांगतो.

तक्ता चिपळूणहून आला, रुकय्याच्या सामानातून,
आणि घडी नेमकी उखळाच्या पोटात पडली.
"यात काय करतात?"
मी रिकाम्या हातांनी हवेत कांडून दाखवलं.
दोघांनी मिक्सरकडे पाहिलं.

औत मीही धड पाहिलेलं नाही,
बदलापूरच्या चाळीत कुठून येणार औत.
ऐरण. ईडलिंबू.
एडका तेवढा इद्रीसच्या ओळखीचा निघाला,
शुक्रवारी पिकअपच्या हौद्यात उभा राहून
बाजाराला येतो म्हणे, साहेबासारखा.

तक्ता मी उलटा करून भिंतीला लावला.
घास पुढे धरला आणि म्हटलं, आ कर.
दोघांनी केला.
हाच तो. आ.
वरणभात संपेपर्यंत पक्का झाला.

ई झुरळानं शिकवली, मोरीच्या जाळीतून वर येऊन.
दीर्घ. चांगली दीर्घ, तळमजल्यापर्यंत.
ऱ्हस्व इ इद्रीसची, ती तो कुणाला देत नाही.
इमारत, असं मृण्मयी म्हणाली
तर म्हणाला, चालेल, पण इमारत माझी.

उ साठी मला उचकी लागावी लागली.
कुणीतरी आठवण काढतंय, मी म्हटलं,
आणि सवयीनं घड्याळात दीड तास मिळवला.

ए आणि ओ जिन्यात शिकवले.
एकानं गच्चीच्या दाराशी थांबायचं, एकानं खाली.
ए! म्हणायचं. ओ! द्यायची.
तिसऱ्या दिवशी खालचा बलुची रखवालदार मुराद
खुर्चीतून न उठता ओ द्यायला लागला.

ऋ म्हणजे ऋतू.
किती असतात?
"दोन. एसी चालू, एसी बंद."
बाई गं, तुझ्या नावातच तो बसलाय,
म च्या पायाशी, शेपूट मुडपून.
तिनं पायाखाली वाकून पाहिलं.

गुरुवारी शाळा रुकय्याकडे.
तिथे अक्षरं उजवीकडून निघतात
आणि स्वर त्यांच्या डोक्यावर नाहीतर पायतळी बसतात:
जबर, जेर, पेश.
"मोठी माणसं ते लिहीत नाहीत," रुकय्या म्हणाली,
"मोठ्यांना ठाऊक असतात."
मला नवऱ्याचे निरोप आठवले.
शिफ्ट वाढली. झोपा.
त्यातले काना-मात्रे रात्री मीच भरते.

परवा वारा सुटला, सगळी रात्र.
सकाळी गाडीच्या बॉनेटवर बोटभर पीठ.
मृण्मयीनं चवड्यांवर उभं राहून अ काढला,
उजवीकडून: आधी दंडा, मग आडवी रेघ,
पोट शेवटी, उरलेल्या जागेत.
मी रुमाल घेऊन पोचले तोवर
नवरा तो अ घेऊन रिफायनरीला निघून गेला होता.
संध्याकाळी परत आणलाही. अर्धा उडालेला.
गेटवरच्या माणसानं विचारलं, म्हणाला, हे काय लिहिलंय?
मग तू काय सांगितलंस?
"अं?" म्हणाला, बूट काढता काढता.
मृण्मयी टाळ्या पिटत सुटली. अं झाला!

राहिला अः.
तक्त्यात त्याची चौकट मोकळीच,
छापणाऱ्यालाही काही सुचलं नसावं.
काल जिना तीनदा चढून-उतरून इद्रीस आत आला,
लालबुंद, फ्रीजला टेकला, पेला तोंडाला लावला,
आणि तळ दिसल्यावर, डोळे मिटून:
अः.

आम्ही तिघंही गप्प.
मग मृण्मयीनं तक्ता उलटवला, चौकट शोधली,
त्यात निळ्या खडूनं एक पेला काढला, थोडा कलता.
"पाणी राहिलं गं," मी म्हटलं.
"पिऊन झालं ना," ती म्हणाली.