तीन पुकारे

दापोलीला म्हातारी माणसं अजून काँप म्हणतात.
गोऱ्यांची पलटण होती, ती गेली,
कोर्ट राहिलं.
त्या कोर्टाचा मी शिपाई, एकतीस वर्षं,
काम एवढंच: दारात उभं राहून
नाव पुकारायचं. तीनदा.

आवाज खणखणीत होता. एस.टी. स्टँडपर्यंत जायचा.
वाकणकर विरुद्ध वाकणकर, एका माडाचा दावा;
माड वठला, वादी वारला, वादीचा मुलगाही वारला,
तारखा पडतच राहिल्या.
मी पुकारताना हसू दाबायचो.

म्हणून करंजखोलच्या बंदरात, लिलाव चालू असताना,
सुरमईचा भाव चढत असताना
टोपलीतलं ते फुटलं,
अकरा माणसं आणि एक कुत्रा,
(बर्फाच्या चुऱ्यावर काय होतं ते मी सांगणार नाही)
तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच म्हणालो,
आमच्या कोर्टात नका आणू ह्यांना.
आमच्याकडे माडाचा निकाल लागत नाही.
लष्कराकडे द्या. चार दिवसांत मोकळे.

पंधराव्या दिवशी एकाला आणलं.
फक्त रिमांडपुरतं. पुढचं सारं
लष्करी अधिकाऱ्यांसमोर, बंद दाराआड,
कुठे, ते विचारायचं नाही.
साहेबांनी मान हलवली. मी दारात गेलो.

बशीर उस्मान होडेकर हाजीर हो.
आवार गप्प.
दुसऱ्यांदा घेताना लक्षात आलं,
बापाचंही नाव आपल्याच तोंडात आहे,
ज्या उस्मानकडून वीस वर्षं बांगडे घेतले,
जो दोन जास्त टाकायचा आणि मोजायचा नाही.
तिसऱ्यांदा,
काळ्या बुरख्याआडून
कोणीतरी म्हणालं, हजर.

अकरा मिनिटं. मग गाडी, मग धुरळा.
त्यानं केलं की नाही, मला ठाऊक नाही.
एवढं ठाऊक आहे की नाव घेतलं की माणूस ओ देतो,
आणि ओ दिली की ती कुणीतरी लिहून घ्यावी लागते.
नंतर आलेल्या कागदांवर नाव नव्हतंच.
आरोपी क्रमांक सात.

यशवदा चोगले मात्र येत राहिली.
रिकामी पाटी घेऊन, व्हरांड्यात.
आज तेचा नाव हाय?
इथे नाही चालत ती केस, बाय.
मंग खंय?
सांगत नाहीत.
तिनं पाटी उपडी घातली, तीवर बसली.
माजा पोर चारचौगांत मेला, उजेडात.
तेचा न्याय काळोखात कशाला?
ह्यानंच मारलान असंल तर माज्यासमोर बोला.
नसंल मारलान,
तर ज्यानं मारलान तो बंदरावर फिरतोय अजून.
थोड्या वेळानं, स्वतःशीच:
झाकल्या टोपलीवर बोली कोन लावतो रं?

तिचा धाकटा अजून म्हणतो, गोळी घाला.
मी त्याला समजावत नाही.
भावाची चप्पल त्यानं ओळखली होती, एकच.
ती ओळखणाऱ्याला मी काय कलमं सांगू?

निकाल लागला म्हणे, गेल्या मार्गशीर्षात.
पेपरात चार ओळी, आतल्या पानावर,
होडेकरच्या जागी घोडेकर छापलेलं.
उस्मान कात्रण घेऊन माझ्याकडे आला,
घडी घालून घालून मऊ झालेलं.
हा माझाच ना?
मागोमाग यशवदा आली, दुसऱ्या वाटेनं.
तोच ना?
दोघांना चहा दिला. वेगवेगळ्या दिवशी.
उत्तर एकालाही देता आलं नाही.

आता निवृत्त आहे, घसाही बसला.
वाकणकरांची तारीख सतराला आहे.
अजून काही वर्षं चालेल.
लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे ती.
पण दार उघडं असतं.
बाकावर जागा असते.
कुणीही येऊन बसावं.