जुळणी : शून्य टक्के

लाखांदूरच्या नेटकॅफेत
तीनशे बारा पानं वर चढायला सदतीस मिनिटं लागली.
मधे एकदा लाइट गेली.
पोरगा म्हणाला, बसा ताई,
मागं एका सरांचा प्रबंध एकोणऐंशीवर अडकला होता,
जेवून आले ते.

मग अहवाल आला. उचलेगिरी तपासणी. जुळणी : शून्य टक्के.
"मशीन बिघडली वाटते," तो म्हणाला,
"शून्य त कोणालेच येत नाई."

पाच वर्षांपूर्वी समितीतल्या मॅडमनी विचारलं होतं,
तुमचं गृहीतक काय?
मी म्हणाले, तलावाच्या पाळीवर एक बाई राहते.
हे गृहीतक नाही, त्या म्हणाल्या.
मी म्हणाले, मला अजून एवढंच माहीत आहे.
पंखा फिरत राहिला.
मग कोणीतरी पुढच्या उमेदवाराचं नाव घेतलं.

तेव्हापासून, रोवणीत,
तासिकांचं मानधन अडकलेल्या महिन्यांत,
पोरीच्या शाळेबाहेर गाडीवर बसून
मी कादंबरी लिहिली. म्हणजे
लिहिली कमी, उचलली जास्त.

पान अकरावरचा तो न पडलेला ढग,
"मुक्या पाहुण्यासारका आला न गेला",
तुळसा आत्याचा. चक्कीवर, पीठ झटकता झटकता.
पान नव्वदवरचं भांडण वहिनीचं, शब्दनशब्द,
दोन शिव्या फक्त मार्गदर्शकांसाठी वगळल्या.
आणि तिसऱ्या प्रकरणाचा शेवट
फगन वलथरेचा. जाळं विणत होता,
मी विचारलं, भोकं एवढी मोठी कायले?
मान वर न करता म्हणाला,
"जे आपलं नाई, थे जाऊ द्या लागते."

त्याला संदर्भसूचीत कुठं बसवू?
आडनाव आधी, मग नाव. प्रकाशनस्थळ : पाळ.
वर्ष : शिंगाडे सडले ते.

आता घोषणापत्र.
प्रस्तुत लेखन माझे स्वतःचे असून
अन्य कोणाचेही नाही. सही. तारीख.
कागद पिशवीत घातला आणि सरळ तलावावर गेले.
फगन तिथंच, फक्त दात दोन कमी.
त्याला ते पान वाचून दाखवलं.

"मी कई म्हणलो असं?"
तो खरंच गोंधळला.
"मोठ्या मासोया पायजे त
भोक मोठं ठेवा लागते, बस."
आणि पुन्हा गाठ मारायला लागला.

मी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.
मग ते वाक्य कोणाचं?
पाच वर्षं मी ज्याची चोरी कबूल करायला निघाले होते
ते ऐकलं तरी होतं का मी?

निघताना त्यानं मूठभर झिंगे दिले.
एवढ्या बारीक भोकाचंही जाळं होतं तर त्याच्याकडे.
गुंडाळायला दुसरं काही नव्हतं,
पान नव्वदची जास्तीची प्रत होती.

घरी पोचेस्तोवर
वहिनीचं अर्धं भांडण ओलं झालं होतं
आणि सहीची जागा
कोरडी.