सातवी फळी

आमच्या बेटाच्या बांधाला एक खिंड आहे,
गाड्या धक्क्यावर उतरतात तिथे.
दोन्ही बाजूंच्या दगडांत खाचा.
वादळ आलं की खाचांत फळ्या सरकवायच्या,
एकीवर एक, सात.
एवढंच काम.

त्रेपन्न साली, जानेवारीच्या शेवटच्या रात्री
रेडिओ बारा वाजता नेहमीसारखा झोपी गेला.
वायव्येचा वारा जागा होता.
फळ्यांच्या खोलीची किल्ली राखणदाराकडे,
राखणदार पलीकडच्या बेटावर, भाचीच्या साखरपुड्याला.
वडिलांनी आमची कुऱ्हाड नेली, कुलूप फोडलं.
क्राइननं फळ्या मोजल्या: सहा.
वडिलांनी कंदील जवळ धरून पुन्हा मोजल्या.
सहाच.

पोती रचली, वाळूची, मग बटाट्यांची.
कुणी चर्चमधला गालिचा गुंडाळून आणला.
समुद्राला फळीभर वाट पुरते.
क्राइन पुढे सांगायचा,
सातव्या जागी तुझा बाप खांदा लावून उभा राहिला,
ओढला तरी हटेना.

आम्ही माळ्यावर. आई, मी, दोन कोंबड्या.
पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर येत होतं,
त्याची मोजणी चुकत नव्हती.
छप्पर आतून फोडायला हातात काही नाही.
आईनं चमच्यानं कौलं उचकटली.
याकोमिनाच्या घरातून हाका येत होत्या,
पहाटेपर्यंत.

एप्रिलमध्ये गाळ उपसताना माझा पलंग सापडला, उपडा.
तळाला एक रुंद ओकची फळी,
कडेला पांढऱ्या रंगात आकडा: ७.
लढाईनंतर लाकूड मिळत नव्हतं,
आणि ती तिथे वर्षानुवर्षं नुसतीच पडून, असं ते म्हणाले होते.
तीन हिवाळे मी तिच्यावर गाढ झोपले.

आईनं रंधा मारून आकडा काढला.
ती गेली तोवर गप्प राहिले.
नंतरही राहिले, खरं तर.

आता नदीच्या मुखाशी पोलादी दरवाजे आहेत,
आपोआप मिटणारे. छान आहेत.
इंजिनियर पोरगा म्हणतो, आजी, फळ्या आता संग्रहालयात द्या.
मी म्हणते, देईन. आधी मोज.

दर ऑक्टोबरात शाळेची मुलं येतात.
किल्ल्या तीन घरांत. कुऱ्हाड माळ्यावर, खिळ्याला.
फळ्या बाहेर काढतो, खाचांत बसवून बघतो,
मुलं मोठ्यानं आकडे म्हणतात.
मग दमून त्यांच्यावरच बसतात, डबे उघडतात.
बसू देते थोडा वेळ.
मग उठवते.