कमानीतला ऐन

कुतुबचाचा नाणं कधी तोंडावर धरत नाहीत.
कडेला धरतात, दोन बोटांत,
तव्यावरची भाकर उचलावी तसं.
मग भिंग. मग खिडकी.
मग बराच वेळ काहीच नाही,
खाली पंक्चरवाल्याचा पंप तेवढा हापतो.

वही माझ्याकडं. ते बोलतात, मी लिहितो:
कोरं. कोऱ्याजोगं. लई बरं. बरं.
चाललेलं.
गुळगुळीत.
त्याच्या खाली ते बोलत नाहीत,
नुसतं तराजूत टाकतात
आणि मी समजतो, ही आता फक्त चांदी.

हाली रुपयावर चारमिनार असतो.
मिनारांची टोकं आधी जातात,
मग कड, मग सालाचे आकडे.
कमानीत एक ऐन आहे, आडोशाला,
तो सगळ्यात शेवटी जातो.
मला उर्दू येत नाही.
एवढं एकच अक्षर येतं.

सोजरबाई झारेकरीण नदीची वाळू चाळते,
धरणाखाली, पाणी सोडलं नसेल तेव्हा.
जर्द्याच्या डबीत आणते सापडलेलं,
गाळासकट, शेवाळासकट.
चाचांनी शिकवलंय तिला, "पोंछना नहीं, बाई.
मिट्टी भी उसकी उम्र है."
वीस वर्षांत तिनं एकदाही पुसलं नव्हतं.

त्या दिवशी डबी नव्हती.
पदराच्या गाठीतून रुपया काढला
तर खोलीत कवडसा फिरला.
राखेनं घासलेला. रात्रभर, तीच म्हणाली.
वर कडी तोडल्याचा टाका, तोही घासलेला.
"हे नदीचं नाही. आईच्या माळंतलं हाय.
इकायचं नाही. नुसतं सांगा, कसं हाय."

चाचांनी भिंग खाली ठेवलं.
"ये क्या किया, बाई."
घासलेल्या नाण्याला वहीत दर्जा नाही,
हे तिला माझ्याइतकंच ठाऊक.
तरी ती म्हणाली,
"घरातलं भांडं तसंच खरकटं
दाखवायचं व्हय कुणाला?"

यावर चाचांना बोलता आलं नाही.
चहा आला. तिनं बशीत ओतला.
"मातीत पुरलं तर परत व्हईल का?"
"मिट्टी को मालूम पडता."

पुरलंच तिनं.
दिवाळी झाल्यावर परत आली,
रुपया काळपट, चेहरा चोराचा.
चाचांनी वास घेतला फक्त.
"गोबर."
आणि ती अशी हसली
की मलाही वही तोंडावर धरावी लागली.

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.
असं ते देत नाहीत.
मिनार बोडके. आकडे गेलेले, एक तीन सोडून.
कमानीत ऐन होता.
त्याच्या पोटात राखेचा एक कण,
तिच्या बोटाला न लागलेला.

"लिख," चाचा म्हणाले, "घिसा हुआ. चाललेलं."
सूट नाही दिली. ते देत नाहीत कुणाला.
सोजरबाईनं मान हलवली.
"चाललेलं तर हायच की.
शेवगावहून पायी आलती आई,
डोक्यावर चाळणी, पोटात मी.
हा गळ्यात."

रुपया तिनं पिशवीत टाकला,
सुपारीत, अडकित्त्याशेजारी.
"अरे, उसमें नहीं, कागज में," चाचा उठले,
तोवर तिनं नाडी ओढली होती.

जिना उतरताना प्रत्येक पायरीला
रुपया अडकित्त्यावर वाजत गेला.
चाचा डोळे मिटून उभे,
शेवटच्या पायरीपर्यंत.
"आवाज कोरा है," म्हणाले. "लिख."

आवाजाचा रकाना आमच्या वहीत नाही.
समासात लिहावं म्हणून मी पेन्सिल शोधू लागलो,
ती कुठं सापडेना.
खाली कुणाची तरी ट्यूब फुटली.