एक ओळ वर

फेब्रुवारीत कुरेसारेच्या वाचनालयात
साडेचारलाच दिवे लागतात.
हेल्दुर ओले बूट हीटरखाली सरकवतो
आणि म्हणतो, "पोरी, माझा खेळ बिघडलाय."

चौतीस वर्षं त्यानं फेरीबोटीवर गाड्या लावल्या.
धक्क्यावरची रांग बघूनच सांगायचा :
एकसष्ट मावतील, ती निळी व्हॅन राहील.
व्हॅन राहायची.
आता तो संगणकाला आकडा धरायला शिकवतोय,
एक ते शंभर, मनातल्या मनात.

पहिल्या आठवड्यात खेळ एवढंच बोलायचा : चूक.
चूक. चूक.
ताकास तूर लागू देत नव्हता.
मी म्हटलं, नुसतं चूक ऐकून माणूस वळणार कुठे?
मग त्यानं दोन फाटे लिहिले :
कमी आहे, पुढे घे.
जास्त झालं, मागे घे, मागे.
डेकवर उभं राहून ट्रकला हात केल्यासारखे.

तरी मिल्वी हरली.
मिल्वी त्याची बायको. विणकाम बाजूला ठेवून
बिलाच्या पाठीवर टिपत खेळली होती :
पन्नास, कमी.
साठ, जास्त.
पंचावन्न, जास्त.
एक्कावन्न, जास्त.
आणि खाली, पेन्सिल दाबून :
मग हा राहतो कुठे?

मी त्याच्या ओळींवरून बोट फिरवत गेले.
आकडा निवडायची ओळ लूपच्या आत होती.
तिनं विचारलं रे विचारलं
की हा नवा आकडा धरायचा
आणि त्या नव्याचं उत्तर इमानानं द्यायचा.
खोटं एकदाही बोलला नव्हता.

हेल्दुर बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
मग ती एक ओळ उचलून त्यानं वर ठेवली,
लूप सुरू व्हायच्या आधी.
"बोलायला लागण्यापूर्वी ठरवायचं असतं," म्हणाला,
मला नाही, पडद्याला.

पुढच्या मंगळवारी नवी तक्रार :
मिल्वीनं 'सत्तर' अक्षरांत लिहिलं, खेळ धाडकन बंद.
मी त्याला चूक झेलायला शिकवलं, एवढंच.
संदेश त्याचा त्यानं लिहिला :
अंक हवा होता. हरकत नाही.
हा प्रयत्न धरलेला नाही.

निघताना बूट घालता घालता विचारतो,
"दर वेळी निम्मं करत गेलं
तर सातात कुठलाही सापडतो, म्हणालीस ना?"
हो.
"मिल्वीला बोलू नकोस.
काल तिला नऊ लागले.
शेजारच्यांना फोन करून सांगितलंन."