चंदा दारात

उद्यमबागेत फौंड्रीच्या गेटवर
फोन बंद करून द्यायचा,
वॉचमन मल्लाप्पाच्या लाकडी खणात. माझा खण तेवीस.
दुसरी पाळी, तीन ते अकरा.
आत भट्टी बोलते, बाकी कोण बोलत नाही.

अकराला चालू केला
तर खिशात खेकडा सोडल्यासारखा वळवळत राहिला.
सात मेसेज.
कंपनी कळवते कानडीत:
तुम्ही नसताना, अमक्या नंबरावरून, तमक्या वेळी.
दहावीला कानडीत मी काठावर पास,
आकडे तेवढे वाचतो.
चार दहा. चार बारा. चार एकोणीस.
मग थेट सहा पाच.
सहा चाळीस. सात. सात तीन.
नंबर एकच, भरमाकाकाचा,
चंदगडच्या अलीकडच्या त्या डोंगरातला
जिथं सोप्यात उभं राहिलं तर कर्नाटकाचा टॉवर
आणि गोठ्यात गेलं की महाराष्ट्राचा.

कोण गेलं असतं तर
हा सातावर थांबला नसता,
असं स्वतःला सांगत फोन लावला.
त्याचा बंद.

सकाळी कळलं.
रताळ्यांचं पोतं त्यानं चारच्या एसटीत घातलेलं
(त्या आठवड्यात गाड्या सोडत होते, दगड नव्हते)
कंडक्टरला सांगून, की पुतण्या येतोय स्टँडवर.
पुतण्या लोखंड ओतत होता.
सहा पाचला गाडी लागली.
सातला पोतं घेऊनच फिरली.
रात्री काकानंच ते फाट्यावर उतरवून घेतलं,
डोक्यावरनं घरी नेलं.

"पण निरोप ठेवलोतो की गा मी."
कुणाकडं?
"ती बाई. चंदा.
दर वेळी तीच उचलते तुझा फोन.
चंदा दारात म्हणते, पुढं कायबाय कानडीत.
म्हटलं, दारात हाईस तर ऐक बाई,
लाल रताळी हाईत, स्टँडवर जा म्हणावं त्याला.
सातव्यांदा जरा रागानंच बोललो.
तिचा काय दोष, पण."

मला वेळ लागला.
चंदादाररु.
म्हणजे वर्गणी भरणारा, ज्याचा फोन बंद आहे तो.
म्हणजे मी, कंपनीच्या कानडीत.

आवाजाची पेटी हवी का, विचारलं होतं एकदा,
महिन्याला पंधरा रुपये.
नको म्हणून मीच दोन दाबलं.
तेव्हा त्याची सात बोलणी
कुठंच पडली नाहीत. रागाचं सुद्धा.

काकाला हे सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, हां, चंदा विसरली असेल.

काल त्याचा बंद लागला. लाइट गेली असेल तिकडं.
तीच बाई. आज मराठीत बोलली, स्वच्छ,
शाळेतल्या बाईंसारखी.
गेटवर मल्लाप्पा डुलकी घेत होता, ट्रक उभा होता रिकामा.
इकडं तिकडं बघितलं, आणि म्हटलं,
चंदा, त्याला सांग,
पोतं परत पाठव म्हणावं.
रविवारी.
रविवारी माझा फोन चालू असतो.