डावा खांदा

रेडीच्या खाणीत माझा भाऊ सगुण
डाव्या खांद्यावरून लाल दगड वाहायचा.
खेपेला दहा पैसे.
मुकादम भिंतीवर खडूनं रेघा ओढी,
दर शनिवारी त्यातल्या दोन कमी भरत.
सात वर्षांत खांदा तीन बोटं खाली उतरला.
आई सदऱ्याची डावी बाही आखूड शिवायची,
बोलायची काही नाही.

भोंगा झाला की आम्ही ओहोटीच्या वाळूवर.
गोलला चुडतांचे दोन पिढे रोवलेले.
भरती चढताना एक गोल आधी बुडायचा,
आणि ज्यांचा बुडे त्यांचं म्हणणं,
सामना बरोबरीत.

एकदा तेरेखोलची तर ओलांडून एक गृहस्थ आला.
छत्री, पांढरे बूट, म्हापशाच्या क्लबाचा कोणीतरी.
समोरचे सगळे सगुणचा खांदा बघून डावीकडे धावत
आणि तो उजवीकडून निघून जाई.
गृहस्थानं तीनदा पाहिलं.
चौथ्यांदा छत्री मिटून हसला.
"महिन्याला अडीचशे. आणि बूट."
"काम कसला?"
"हेच."
सगुण वाळूकडे बघत राहिला.
आई रात्रभर म्हणत होती,
खेळण्याचे कोण पैसे देता रे,
झीलाक माझ्या फसवतत.

पहिल्या सामन्याला मी पाळी बुडवून गेलो.
नऊ नंबर, कोरी पांढरी जर्सी.
मध्यंतराला तिच्या पाठीवर तांबडा डाग उमटला.
बाकावरचे ओरडले, लागलं त्याला, रक्त!
मला माहीत होतं ते काय आहे.
खाण सोडून पाच महिने झाले होते
आणि अजून ती त्याच्या घामातून बाहेर पडत होती.
मी माझे हात खिशात घातले.

नऊ वर्षं खेळला.
मग वास्कोच्या मैदानावर गुडघा वाजला,
सुकी फांदी मोडावी तसा; तिसऱ्या रांगेत ऐकू आला.
एक ट्रंक घेऊन परत आला, एक पितळेचा कप,
ज्यात आईनं मरेपर्यंत मीठ ठेवलं.
कुणी विचारलं तर सांगायचा,
चेंडू हलको असता हो,
पयल्या वर्षी पायांका कळतच नव्हता
किती जोर लावूचो.

मी वजनकाट्यावर निवृत्त झालो.
खाण बंद आहे. खड्ड्यात हिरवं पाणी,
किती खोल, कंपनीलाही ठाऊक नाही.
पोरांचा चेंडू त्यात गेला
की अडुसष्ट वर्षांचा सगुण लंगडत बांबू घेऊन येतो
आणि काढून झाल्यावर थोडं शिकवतो.
"खांदो पाड. डावो. पाड रे."
पोरं पाडतात,
पण कुणी फसत नाही.
काही न वाहिलेले खांदे ते,
लगेच आपले वर येतात.

मी म्हटलं, जमणार नाही यांना.
सगुण बांबूचं टोक पुसत होता.
म्हणाला, "येवंदेत वर."